गाव की रिसॉर्ट? व्हर्मांटच्या बर्फात भेटलेले दुसरे इंगळे

बर्फात जायचं हे यशूने ठरवलं. तेरा वर्षांची आमची लेक शाळेच्या स्की क्लबात दोन हिवाळे पडत-धडपडत शिकली, आणि आता आईबाबांना पडताना बघायचं हा तिचा हट्ट होता. राहायचं कुठे, यावर मात्र अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या घरात आठवडाभर भांडण चाललं. मिलिंद, म्हणजे माझा नवरा, म्हणाला जुनं स्की व्हिलेज. लाकडी घरं, पांढरं चर्च, गावात एकच दुकान, सगळे सगळ्यांना ओळखतात. "ऑथेंटिक असतं यार, सीमा!"

"सगळे सगळ्यांना ओळखतात, तेच तर नको मला," मी म्हणाले. मला रिसॉर्ट पाहिजे होतं. कार्ड द्या, किल्ली घ्या, कोणी काही विचारत नाही.

आमच्या माहेरी गावाचं कौतुक कधीच नव्हतं. लोक डोळे मिटून "आमचं गाव" म्हणतात तेव्हा मी गप्प बसते. आजोबा अमरावती जिल्ह्यातलं गाव सोडून नागपूरला गिरणीत लागले, तिथल्याच इंदोरा वस्तीत घर केलं आणि पुन्हा म्हणून तिकडे फिरकले नाहीत. गावाची विहीर कशी होती हे विचारलं की म्हणायचे, लांबून चांगली दिसायची. आम्ही बौद्ध. ज्यांना कळतं त्यांना एवढ्यावरून कळलं असेल, ज्यांना नाही त्यांना पुढे कळेलच. शेवटी तडजोड झाली. फेब्रुवारीतल्या लाँग वीकेंडला एक रात्र त्याच्या गावात, दोन माझ्या रिसॉर्टमध्ये, आणि जिंकेल त्याच्या बाजूने ब्लॉग लिहायचा. मिलिंद, वाच आता.

शुक्रवारी दुपारी निघालो. २८७ नंबरच्या हायवेवरून थ्रूवे, तिथून थेट ऑल्बनी, मग रूट सात. पाच तास म्हणतात, ट्रॅफिकने साडेसहा घेतले. डब्यात मेथीचे पराठे आणि शेंगदाण्याची चटणी होती म्हणून निभावलं. ऑल्बनीनंतर रस्ता अरुंद होतो, सिग्नल जातो आणि रस्त्याच्या कडेला माणसापेक्षा उंच बर्फ लागतो. स्नो टायर नसतील तर अंधार पडायच्या आत पोचा, हे मनापासून सांगते.

गावातल्या इनच्या, म्हणजे छोट्या घरगुती हॉटेलच्या, मालकीणबाईंनी दार उघडलं आणि आमच्याकडे बघतच राहिल्या. बुकिंगवर इंगळे नाव वाचून त्या कुण्या गोऱ्या 'इंगल' कुटुंबाची वाट बघत होत्या! "रस्त्याच्या टोकाला पण इंगल राहतात," त्या म्हणाल्या, "तुमचे कोणी लागतात का?" यशू हसून हसून बुटांसकट सोफ्यावर कोसळली. मग बाईंची चौकशी सुरू झाली. कुठून आलात, काय काम करता, आई कुठे असते, तिला थंडी सोसते का. मी मिलिंदकडे 'सांगितलं होतं ना' अशी बघत होते, तो गालातल्या गालात हसत होता. खोली लहान, जमीन पाऊल टाकलं की कुरकुरणारी, पण रजई अशी की सकाळी उठवेना. सकाळी एका लांब टेबलावर सगळे पाहुणे एकत्र नाश्ता करतात, भांडी इकडून तिकडे फिरतात. बाईंनी माझ्या ताटात न विचारता तिसरा पॅनकेक टाकला. खरं सांगते, आवडलं मला. मिलिंदसमोर कबूल केलं नाही एवढंच.

बूट आणि स्की गावातल्या दुकानातून भाड्याने घ्या, रिसॉर्टच्या निम्म्यात मिळतात. ते बूट म्हणजे दोन्ही पायांना प्लास्टर घातल्यागत. गावामागच्या छोट्या टेकडीवर दोर धरून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. मी पहिल्याच फेरीत एका चार वर्षांच्या पोराला आडवं केलं. तो उठून मला "यू ओके?" विचारून निघून गेला. माय माय, काय ती लाज!

शनिवारी संध्याकाळी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, माझ्या रिसॉर्टमध्ये. त्याचंही नाव 'व्हिलेज'च ठेवलंय, बोला! इथले फुटपाथ खालून गरम केलेले आहेत, म्हणजे बर्फ बघायला पैसे देऊन यायचं आणि तो पायाला लागू नये म्हणून आणखी पैसे द्यायचे. बूट चढवून द्यायला माणूस आहे. सुट्टीच्या दिवसांत लिफ्टचं एका दिवसाचं तिकीट माणशी दोनशे डॉलरच्या वर. मिलिंदने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आकडा तोच. महिनाभर आधी ऑनलाइन घेतलं तर बरंच स्वस्त पडतं, आमच्यासारखं करू नका.

रविवारी सकाळी मिलिंद नवशिक्यांच्या क्लासला गेला. मी यशूबरोबर गंडोलात, म्हणजे तारेवरून डोंगरावर जाणाऱ्या बंद डब्यात, बसले. स्की न करणाऱ्यांनाही नुसतं वर जाऊन यायचं तिकीट मिळतं, ते घ्याच. डबा सुटता सुटता आणखी दोघं आत शिरली. माकडटोपीतले एक काका आणि यशूच्या वयाची नारिंगी जॅकेटवाली मुलगी. मी यशूवर ओरडत होते, "हातमोजे घाल, बोटं गळून पडतील!"

काकांनी टोपी वर केली, कपाळावर गंधाचा टिळा. "अरे, मराठी? कुठले हो तुम्ही?"

"नागपूर."

"आन आम्ही अकोल्याचे! काय सांगता! नाव काय म्हणाल्या?"

"सीमा इंगळे."

"इंगळे?" काकांनी मांडीवर अशी थाप मारली की डबा हलला. "अवं, आम्ही पण इंगळेच! म्हणजे आपल्यातलेच निघाले की!"

यशू ताठ बसली. "वेट, सेम लास्ट नेम? आर वी कझिन्स?"

"मग काय! एकाच रक्ताचे!" काका म्हणाले. "हो ना वं, सीमा? आपल्यातलेच ना?"

मला उत्तर सुचायच्या आत यशू ओरडली, "हो!"

जी पोरगी घरात सात वेळा विचारल्यावर एकदा मराठीत बोलते, तिच्या तोंडून एवढा खणखणीत 'हो' मी कधी ऐकला नव्हता. तिच्या लेखी 'आपल्यातले' म्हणजे मराठी, इंगळे, आपली माणसं. तिला अमेरिकेत ना आत्या, ना मावशी, ना चुलत भावंड. शाळेत सगळ्यांचे कझिन्स थँक्सगिव्हिंगला जमतात आणि आमचं तिघांचंच टेबल मांडलं जातं. डबा वर पोचेपर्यंत त्या दोघींची गट्टी झाली होती. त्या मुलीचं नाव रिया, काका तिचे आजोबा. राहते एडिसनला, आमच्यापासून पंधरा मिनिटांवर. दोघी दिवसभर एकत्र घसरल्या, एकमेकींना "कझ" म्हणून हाका मारत होत्या. काकांनी रात्री रिसॉर्टमधल्या त्यांच्या स्वीटमध्ये, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जेवायचं आवतण दिलं.

मिलिंदला सांगितलं तर म्हणाला, "तेव्हाच सांगून टाकायचं होतं."

"काय सांगायचं होतं? विदर्भात इंगळे दोन प्रकारचे असतात, काका, तुम्ही एक, आम्ही दुसरे? पोरीसमोर? त्या डब्यात?"

त्याने ओले मोजे हीटरवर वाळत टाकले. मग म्हणाला, "जाऊ. चांगली माणसं असतील." मलाही तसंच वाटायचं होतं. कझिन मिळाल्यापासून यशूचे पाय जमिनीवर नव्हते, उन्हाळ्यात कोण कोणाकडे राहणार हेही ठरलं होतं.

स्वीट म्हणजे आमच्या टाउनहाउसपेक्षा मोठं. रियाचे आईबाबा, स्नेहल आणि अमोल, अगदी आपुलकीने वागले. वरण-भात, भरली वांगी, वर साजूक तूप. बाहेर बर्फ पडतोय आणि ताटात भरली वांगी, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. यशू आणि रिया जमिनीवर बसून एकाच ताटात जेवत होत्या, पापडासाठी भांडत होत्या.

काका मिलिंदकडे वळले. "मूळ गाव कोणतं तुमचं? देवक काय? आमच्या भाऊबंदांतलेच असाल, शोधून काढतो मी."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काका, आम्ही बौद्ध आहोत. आमच्यात देवक नसतं."

"हो का," काका म्हणाले. "छान, छान."

स्नेहल घाईघाईने म्हणाली, "हल्ली काही तसं राहिलं नाही," आणि वाटलं, सुटलो. एक-दोन घास गेले. मग काका अगदी हळू, लाडात म्हणाले, "रिया, बेटा, तू तुझं ताट वेगळं घे."

"व्हाय? वी आर शेअरिंग," यशू म्हणाली.

रियाने आजोबांकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि उठून कपाटातून दुसरं ताट काढलं. आईने थांबवलं नाही. बापाने थांबवलं नाही. अमेरिकेत, गरम फुटपाथांच्या गावात, पाचव्या मजल्यावर! मला वाटलं होतं इतकं लांब आलं की ते मागे राहतं. मी मूर्ख.

मी उठले. "काका, ताट वेगळं करायची गरज नाही. आम्हीच निघतो."

अमोल कॉरिडॉरमध्ये धावत आला. "ताई, प्लीज मनावर घेऊ नका. बाबा जुन्या विचारांचे आहेत."

"तुम्ही नव्या विचारांचे ना? मग आत का नाही बोललात?"

त्याने मागे दाराकडे पाहिलं. तिथेच उभा राहिला. आम्ही चालायला लागलो.

खोलीत आल्यावर यशूने विचारलं, "डिड आय डू समथिंग?" या एका वाक्यासाठी मी त्या म्हाताऱ्याला कधीच माफ करणार नाही. माझ्या पोरीने आधी स्वतःलाच विचारलं! मिलिंदने तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघांनी सगळं सांगितलं. आपला स्पर्श चालत नाही असं काही लोक मानायचे, आणि काही अजून मानतात. तिला हे नवीन नव्हतं. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात ती स्टेजवरून यावरच बोलते, दरवर्षी टाळ्या घेते. "पण माझ्या स्पीचमध्ये सगळं पास्ट टेन्समध्ये आहे," ती म्हणाली. आणि मग रडली. मीही रडले. मिलिंद खिडकीशी जाऊन उभा राहिला.

सोमवारी सकाळी पॅक करताना स्नेहलचा मेसेज आला. काकांना बरं वाटत नाही, लवकर निघालो, मुलींचं पुन्हा कधी जमवू. पार्किंगमध्ये सामान भरताना यशूने बोट दाखवलं. गंडोलाच्या रांगेत माकडटोपी आणि नारिंगी जॅकेट उभं होतं. ती गाडीत बसली आणि कानात हेडफोन घातले.

तर वाचकहो, गाव की रिसॉर्ट? क्लास रिसॉर्टचा चांगला, रजई गावाची. मुलं लहान असतील, पहिल्यांदाच जात असाल, तर गावात राहा. पैसे वाचतात आणि टेकडी सोपी आहे. हात-पाय गरम ठेवायच्या पुड्या एडिसनहूनच नेल्या तर निम्म्या पैशांत पडतात. मला चौकशीची भीती होती. गावातल्या बाईंनी सगळं विचारलं आणि वर पॅनकेक वाढला. मिलिंद, तू जिंकलास. आनंद मात्र दोघांनाही झाला नाही.

बुधवारी संध्याकाळी जेवताना यशूचा फोन वाजला. आमच्याकडे टेबलावर फोन चालत नाही, पण तिचा चेहरा बघून मी चालू दिलं. रियाचा मेसेज होता. "आजोबा म्हणतात आपण कझिन्स नाही. खरं का?"

"काय लिहू?" यशूने विचारलं. माझ्या जिभेवर पाच उत्तरं होती, पाचही तिखट. मी ती गिळली. "तुला वाटेल ते लिही," म्हणाले.

तिने बराच वेळ लिहिलं, खोडलं, लिहिलं. मग फोन आमच्यासमोर धरला. "कदाचित नसू. पण तुला वेगळं ताट का घ्यायला लावलं, ते आजोबांना विचार. ते काय म्हणतात ते मला तुझ्याकडून ऐकायचंय." आणि पाठवून दिलं.

आम्ही भात संपवला. मी ताटं उचलायला घेतली तेव्हा फोन पुन्हा वाजला, आणि यशूने मोठ्याने वाचलं.

"आत्ता विचारलं, सगळ्यांसमोर. आजोबा ताटावरून उठून गेले. आई रडतेय. कोणीच बोलत नाहीये. मला फोन करशील?"

यशूने उभ्या उभ्याच फोन लावला.