मास्तरांच्या पंगतीचा दिवस

आमच्या शाळेतल्या मास्तरांना वर्षाअखेरीस पालकांनी जेवण घालायचं, ही कल्पना माझ्या आईची. त्या वर्षी मी सहावीत होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. गाव रोझ बेलच्या पलीकडे, चारी बाजूंनी ऊस, आणि बहुतेक घरांतले आईबाप उसातच राबणारे.

सहावीची परीक्षा म्हणजे आमच्या बेटावर अख्ख्या घराच्या जिवाला घोर, पुढची शाळा तिच्यावरच ठरायची. ज्यांना परवडायचं त्यांची मुलं शाळा सुटल्यावर शिकवणीला बसत, बाकीची उसाच्या वाटेने घरी जात. त्या वर्षी आमच्या मास्तरांनी सगळ्यांनाच बसवून घेतलं आणि मजुरांच्या मुलांकडून काही घेतलं नाही. त्यांचं बघून इतर मास्तरही आळीपाळीने थांबू लागले. वर्ष संपत आलं तशी पालकांची बैठक भरली. कोणी म्हणालं घड्याळ देऊ, कोणी म्हणालं केक आणि लिमोनाद. आई एरवी बैठकीत तोंड उघडायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "केक कशाला? त्यास्नी पानावर बसवू. परसात जे हाय त्यातच भागवू."

आणि तसंच ठरलं. एका घरचे भोपळे, एका घरची केळीची पानं, कोणाचे नारळ, कोणाच्या टोमॅटोची चटणी. डाळ-तांदूळ सगळ्यांनी मूठमूठ काढले. ज्यांच्या परसात काहीच नव्हतं त्यांनी लाकडं फोडून आणली. देवळातली मोठी भांडी आमच्या अंगणात आली, कारण एवढ्या माणसांचा भात एका हाताने उतरवणं फक्त आईला जमत होतं.

ते ती तिच्या बापाकडून शिकली होती. माझा आजा उसातला मजूर, पण पंचक्रोशीतल्या लग्नांत मोठी भांडी तोच चढवायचा. आईची आई लवकर गेली, तेव्हा या पोरीला तो कडेवर घेऊन लग्नघरच्या चुलीपाशी बसायचा. तिला भात शिजल्याचा वास आधी कळला, अक्षरं मागाहून. आता तो म्हातारा झाला होता आणि लांब शहरात, बो बासेंला, मामाकडे असायचा. मामा सरकारी कचेरीत होता, शर्टाला इस्त्री करणारा. महिनाभर आजा अंथरुणाला खिळला होता. मामाने दोनदा निरोप धाडला होता, बाबा तुझी आठवण काढतात, येऊन जा. आईने ठरवलं, शुक्रवारी मास्तरांचं जेवण उरकायचं आणि शनिवारी पहिल्या बसने जायचं, आणि मामाला तसं कळवलंही. रोज संध्याकाळी ती मला विचारायची, "शनिवार किती लांब हाय गं?" जशी काही मीच कॅलेंडर धरून बसले होते.

शुक्रवारी पहाटेच चुली पेटल्या. नऊच्या सुमाराला तेल कमी पडलं म्हणून शेजारची काकी कोपऱ्यावरच्या चिनी दुकानात गेली. काकी वयाने सगळ्यांत मोठी, नातू शाळेत म्हणून पालकांच्या मंडळात. गावात फोन फक्त त्या दुकानात. दुकानदाराने तिला तेल दिलं आणि मामाचा निरोप सांगितला. आजा पहाटेच गेला होता. तीन वाजता उचलणार होते.

पुढे जे झालं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते.

काकी तेल घेऊन परत आली, पण आमच्या अंगणात आली नाही. नळावर दोघी बाया तांदूळ धूत होत्या, त्यांच्यापाशी थांबली. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीन दिवसांचं, आणि ते लागतं कानावर पडल्यापासून. आईने ऐकलं की त्या क्षणी तिच्या हातचं सगळं बाद. डाळ उतरली होती, भोपळा झाला होता, भात चुलीवर होता. आमचे मराठीचे गुरुजी तर असे कडक की सुतकाच्या घरचं पाणी घ्यायचे नाहीत. पुन्हा शिजवायला गावात दुसरा दाणा नव्हता, होता नव्हता तो सगळ्यांनी काढून दिला होता. तिघींनी ठरवलं, मास्तर जेवून उठले की सांगायचं. बस मिळेल, तोंड बघायला मिळेल. स्मशानात बायका जात नाहीत, तेव्हा जे काय बघायचं ते तीनच्या आत, मामाच्या दारात. काकी म्हणाली, "की पू फेर." काय करणार, या अर्थी आम्ही सगळेच हे म्हणतो. तेवढ्यावर माझ्या आईचा दिवस ठरला.

दुपारी शाळेच्या ओसरीत पंगत बसली. मास्तर, बाई, हेडमास्तर, झाडलोट करणारी बाईसुद्धा. क्रिओल ख्रिस्ती, मुसलमान, तमिळ, सगळे मांडी घालून. आई वाढत होती. मी तिला इतकी खुललेली कधी पाहिली नव्हती. आमच्या मास्तरांच्या पानात तिने तिसऱ्यांदा पुरी टाकली आणि म्हणाली, "खावा मास्तर, नायतर माझी पोर नापास करशीला." सगळे हसले. मी शरमेने लाल झाले, आणि मनातून अशी काही सुखावले की सांगता येत नाही.

मास्तर जेवून उठले. काकी पुढे सरकली. तेवढ्यात हेडमास्तर म्हणाले, आता वाढणारीने बसायचं, आम्ही वाढणार. आई नको नको म्हणत होती. बाईंनी तिला खांद्याला धरून बसवलं, स्वतः पान मांडलं. आमच्या मास्तरांनी बाह्या सारून भात वाढला. आईला जन्मात कोणी असं वाढलं नव्हतं, लग्नातसुद्धा. ती हळूहळू जेवली, प्रत्येक पदार्थाची चव घेत, मध्येच "मीठ थोडं कमीच झालं की" म्हणत. पानावर बसलेल्या माणसाला वाईट बातमी सांगत नाहीत. काकी खांबाला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. हेडमास्तर म्हणाले, बघा, आजीलाही भरून आलं.

आईने हात धुतले तेव्हा दोन वाजत आले होते. काकीने तिला बाजूला घेतलं. मी आईच्या पदराला धरून होते.

"पोरी, तुजा बा गेला. सकाळीच निरोप आला व्हता."

आई म्हणाली, "सकाळी?" एवढंच. मग ती धावत सुटली.

मध्ये बस बदलावी लागते. दुसरी बस भरेपर्यंत सुटेना. आई नुसती ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसली. आम्ही पोचलो तेव्हा मामाचं अंगण धुऊन झालं होतं आणि पुरुष माणसं आंघोळी करून ओल्या केसांनी बसली होती.

मामा दारातच होता. "तीनपर्यंत थांबलो. पुढे अर्धा तास थांबवून धरलं. दुकानदार म्हणाला निरोप पोचवला." मग त्याने आईच्या हळदीने पिवळ्या बोटांकडे पाहिलं. "जेवण झालं का मास्तरांचं?"

मी बोलणार होते. सगळं ओठावर आलं होतं. आईने माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. "झालं, दादा," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर मी भांडले. का नाही सांगितलंस, काकीने केलं, तू का ऐकून घेतलंस? आई म्हणाली, दादा वर्षातून दोनदा भेटतो, काकी रोज भिंतीपलीकडे आहे. आणि म्हातारीच्या डोक्यावर मी हे कशाला ठेवू? मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही. मी काकीला कधी माफ केलं नाही. तिने दिलेला पेरू मी तिच्या देखत कोंबड्यांना टाकला होता.

मामा त्यानंतर आमच्याकडे आला नाही. मास्तरांचं जेवण मात्र दर वर्षी व्हायचं. दर वर्षी आईच भात उतरवायची आणि काकी तिच्या शेजारी बसून भोपळा चिरायची. पुढे पुढे गावात ही गोष्ट कौतुकाने सांगू लागले. बाप मेला तरी हिने मास्तरांना उपाशी ठेवलं नाही, असं. नव्या पालकांना वाटायचं आईला सगळं ठाऊक होतं आणि ती छातीवर दगड ठेवून वाढत राहिली. आई ते खोडून काढायची नाही. खोडलं असतं तर काकीचं नाव पुढे आलं असतं.

काकी गेली तेव्हा मी राजधानीत, पोर्ट लुईला, नोकरी करत होते. तेराव्याला गावी आले. स्वयंपाक आईनेच केला. जेवणं झाल्यावर एक बाई माझ्या तोंडावर तीच जुनी थोरवी सांगून गेली. तुझी आई त्या दिवशी हातातलं काम टाकून जाणारी नव्हतीच, म्हणाली. आई भांडी घासत होती. बाई गेल्यावर तिने हात थांबवला.

"गेले असते," ती म्हणाली. "भात चुलीवर टाकून गेले असते. मास्तर उपाशी ऱ्हायले असते तरी गेले असते. मला कोणी इचारलंच नाय गं."

आणि ती राखेने भरलेल्या हातांनीच तोंड झाकून रडली, बाबा, बाबा म्हणत. आज्यासाठी ती रडलेली मी पाहिली ती तेव्हाच.