प्लास्टरमधला कॅप्टन

"तुमचं राहू द्या. शेजाऱ्याचं सांगा."

कानावरची पेन्सिल काढता काढता कंट्रोलर साहेब एवढंच म्हणायचे. समोरचा माणूस कांदे विकणारा असो की बैलाचे दोर, दोन मिनिटांत अख्ख्या गल्लीच्या मतांची कुंडली मांडून मोकळा व्हायचा. स्वतः कोणाला मत देणार, हे मात्र बायकोलाही न सांगणारा माणूस!

धाड गावच्या बसस्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावरही आम्ही त्यांना कंट्रोलर साहेबच म्हणायचो. त्यांचं घर आणि माझं घर यांच्यात एक भिंत, आणि तीही एकेरी विटेची, पातळ. पलीकडे कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते माझ्या बायकोला स्वतःच्या कुकरपेक्षा जास्त पक्कं माहीत असे.

स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान. माझ्या हातून रोज दहा-वीस कागद वाया जातात. बायको त्याला धंदा म्हणते की नासाडी, हे तिच्या मूडवर. ते वाया गेलेले कागद साहेब घेऊन जायचे आणि पाठकोऱ्या बाजूवर रकाने आखायचे. लोकसभेची निवडणूक आली की बाजाराच्या दिवशी पाठीमागे हात बांधून ओळीओळीने फिरायचे. कोणत्या गावचा माणूस, काय विकतो, शेजारी कोणाकडे झुकला. पुरुषांचा रकाना ते भरायचे आणि बायकांचा त्यांची मिसेस, भाजी घेता घेता. मतदानाच्या आधी निकाल लिहून लिफाफा माझ्या दुकानात ठेवायचे. मोजणीच्या दिवशी चहा मागवून आम्ही तो फोडायचो. टीव्हीवरचे कोट घातलेले लोक तोंडावर आपटायचे, पण आमचा लिफाफा बरोबर निघायचा.

"साहेब, हे जमते कसं?" मी विचारायचो.

"स्वतःबद्दल माणूस खोटं बोलते भाऊ. शेजाऱ्याबद्दल काऊन बोलीन?"

मग मिसेस गेल्या. त्यानंतरच्या निवडणुकीत लिफाफा सपशेल चुकला. दुकानातली मंडळी हसली. मीही हसलो, कारण माझा स्वभाव हसणाऱ्यांत सामील व्हायचा आहे. साहेब कागद उलटसुलट करत राहिले.

"अर्धं गाव मोजलंच नाही मी," ते म्हणाले. "हा रकाना घरची भरे."

बायकांचा रकाना कोरा होता. त्यांनी तो आखला मात्र नेहमीसारखाच होता.

त्यांचा एकुलता एक मुलगा आयर्लंडला. कॉम्प्युटरवर आकड्यांचंच काहीतरी काम करतो. आई गेल्यावर वडिलांचा वेळ कसा जाईल या काळजीने त्याने त्यांना फॅन्टसी फुटबॉलमध्ये घातलं. हा खेळ मला समजावून सांगताना त्याचा घसा बसला होता, म्हणून तुम्हाला थोडक्यात सांगतो: खरे खेळाडू निवडून आपण मोबाईलवर आपली टीम करायची. ते खऱ्या मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला गुण. त्यातल्या एकाला कॅप्टन करायचं, त्याचे गुण दुप्पट. शनिवारी दुपारी साडेचारला दार बंद. त्यानंतर बदल नाही आणि सगळ्यांना सगळ्यांच्या टीम दिसतात.

मुलाचे चार मित्र, मुलगा, साहेब आणि माणसं कमी पडली म्हणून मी. साहेबांच्या टीमचं नाव 'धाड स्टँड'. माझी 'झेरॉक्स इलेव्हन'. आजवर मी शेवटचा नंबर कधी सोडलेला नाही.

साहेबांनी आयुष्यात एकही मॅच पूर्ण पाहिली नसेल. पण कागदावर रकाने पडले: कोण किती मिनिटं खेळला, किती दिवसांनी, किती प्रवास करून. "गाडी असो की माणूस," ते सांगायचे, "लागोपाठ किती पळवली ते पाह्य. याचं इंजिन तापून राह्यलं. येत्या शनिवारी बसते हा." आणि तो गोरा माणूस खरोखरच शनिवारी लंगडत बाहेर जायचा. तीन महिन्यांत 'धाड स्टँड' पहिल्या नंबरवर. आयर्लंडच्या इंजिनिअरांनी विचारलं म्हणे, तुझे वडील कोणतं सॉफ्टवेअर वापरतात?

गंमत अशी की जिंकणाऱ्या माणसाशी बोलायला फारसं काही नसतं. सुरुवातीला मुलगा दर रविवारी फोन करायचा. मग 'भारी बाबा' असा मेसेज. मग नुसता अंगठा. साहेब मला मोबाईल दाखवायचे, "पाह्य, अंगठा आला." मी म्हणायचो, वा!

अशात एका शनिवारी त्यांना ताप होता आणि टीम बदलायची राहून गेली. कॅप्टन म्हणून जो होता त्याचा पाय आठवड्यापूर्वीच प्लास्टरमध्ये गेलेला. पाच वाजता भिंतीपलीकडे फोन वाजला आणि मुलाचा आवाज स्पीकरवरून थेट आमच्या स्वयंपाकघरात आला.

"बाबा! लंगड्याले कॅप्टन केलं तुम्ही? ग्रुपवर हसून हसून मेले सगळे!"

साहेब हसले. मग मुलगा हसला. मग तापाची चौकशी झाली, औषधाची, तिकडच्या थंडीची, आई आंबाडीची भाजी कशी करायची त्याची. आमचा चहा होऊन कपबशा धुऊन झाल्या, तरी पलीकडे बोलणं चालूच होतं.

पुढच्या शनिवारी चार वाजता मी त्यांच्या ओट्यावर होतो. सहज त्यांची टीम पाहिली. कॅप्टन तोच! मला कोण आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाची चूक मी पकडत होतो.

"साहेब, हा तं अजून प्लास्टरमध्ये हाय!"

"राहू दे."

"काऊन पण? अजून अर्धा तास हाय, बदला ना."

"राहू दे म्हणतो ना बे."

मी घरी येऊन जाहीर केलं की कंट्रोलर साहेबांचं डोकं आता चालत नाही. बायकोने लाटणं थांबवलं.

"त्यायचं चालते," ती म्हणाली. "तुमचं कधी चालू होईन? पोराचा फोन येते ना त्यानं."

बरोबर पाच वाजता भिंतीपलीकडे फोन वाजला.

त्या हिवाळ्यात 'धाड स्टँड' घसरत घसरत माझ्या शेजारी, म्हणजे शेवटून दुसरी आली. मी खाली आहे म्हणून, नाहीतर ते शेवटचे असते. मुद्दाम हरण्यातही मी त्यांना जिंकू दिलं नाही, हे आता खटकतं.

जानेवारीत एका सकाळी कुकरची शिट्टी झाली नाही. बायको म्हणाली, जाऊन पाहा. ते खुर्चीतच होते. पेन्सिल कानावर.

मुलगा दुसऱ्या दिवशी पोहोचला. सगळं आटोपल्यावर कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला दुकानात आला. त्या गठ्ठ्यात एक पाठकोरा कागद होता, माझ्याच दुकानातून वाया गेलेला. त्याने तो काउंटरवर पसरला. साहेबांचं अक्षर, दोन रकाने. एकावर 'चूक', दुसऱ्यावर 'फोन'.

कॅप्टन जखमी: ३८ मिनिटं. लगेच पुन्हा तोच: ३४. गोलकीपर बदलला नाही: ११. एकाच क्लबचे तीन: फोन नाही. कॅप्टन जखमी, तोच: ४१. खाली पेन्सिलने एक ओळ: 'लागोपाठ एकच चूक नको. समजीन त्याले.'

मुलगा दिवसभर आकडेच वाचतो. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"काका," तो म्हणाला, "मी विचारलं की म्हणायचे, एकदम मजेत हाय. तुम्ही भिंतीले भिंत लावून राहता. तुम्ही सांगा, मजेत होते का?"

वडिलांचा पोरगा होता. बरोबर माणसाला विचारत होता.

"शनिवारी असायचे," मी म्हणालो.

"आणि बाकीचे दिवस?"

मी मशीनचं झाकण उघडलं. "किती कॉप्या काढू?"

त्याने तो कागद उचलला. मग घडी करून खिशात ठेवला. त्याची कॉपी काढू दिली नाही.

आता पलीकडच्या दाराला कुलूप आहे. पण या खेळाची एक रीत आहे, मालक असो नसो, टीम चालू राहते. कोणी बदल केला नाही तर मागच्या आठवड्याचेच अकरा पुन्हा उतरतात. 'धाड स्टँड' दर शनिवारी तशीच उतरते, कॅप्टन तोच ठेवून.

प्लास्टर निघालेला तो कॅप्टन मागच्या शनिवारी पुन्हा मैदानात आला. दोन गोल. गुण दुप्पट. 'धाड स्टँड' एकदम तिसरी. मी अर्थातच खाली.

मी मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायकोने गॅस बारीक केला. आम्ही दोघं भिंतीकडे पाहत उभे राहिलो, आता फोन वाजेल असे.