बाकी शून्य

या ग्रुपवर मी सहसा लिहीत नाही, पण आज दुपारपासून दुसरं काही सुचतच नाहीये.

हैदराबादला, नल्लकुंट्याच्या घरी, मुलीकडून भागाकार करून घेत होते. अठ्ठावीस भागिले चार. ती म्हणाली, "बाकी शून्य. बरोबर ना, आजोबा?"

आजोबा म्हणजे माझे सासरे, पंचाऐंशी ओलांडलेले. म्हणाले, "आमच्या गावच्या शाळेत मौलवीसाब पोरांनाच चार-चारच्या रांगेत उभं करून भागाकार शिकवायचे. एक जण उरायचा. दुसऱ्याच्या लेकराला वाईट वाटू नये म्हणून दर वेळी स्वतःच्या मुलालाच, करीमला, बाजूला काढायचे. म्हणायचे, 'बाकी मेरा बच्चा.'"

"मग?"

"मग अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. शाळा पुन्हा उघडली तेव्हा मास्तर नवे होते. त्यांनीही रांगा लावल्या. कोणी उरलं नाही. मास्तर खूश होऊन म्हणाले, बाकी शून्य. आम्ही सगळे खाली बघत उभे."

"करीम कुठे गेला?" मुलीनं विचारलं.

सासऱ्यांनी वहीतल्या शून्यावर बोट ठेवलं. "वेशीजवळच्या विहिरीचं पाणी पुढे कितीतरी दिवस कोणी भरलं नाही, बेटा."

या घरात रझाकारांच्या अत्याचारांच्या गोष्टी मी दर सप्टेंबरला ऐकत आले. करीमचं नाव आज पहिल्यांदा ऐकलं. तुमच्या घरी कुणी असं नाव घेतलंय का कधी?

मुलीचं उत्तर बरोबर आहे. माझ्याच्यानं अजून वहीत बरोबरची खूण करवत नाहीये.