डिंकबाईंनी घडवलेले चेहरे

शाळेतली मुलं त्यांना डिंकबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण बाईंचे कान तिखट होते, आणि नाव त्यांना पटलेलंही होतं. एकतीस वर्षं हस्तकला शिकवल्यावर बोटांना दुसरा वास कशाचा येणार? शिक्षकांच्या मीटिंगमध्ये हस्तकलेचा विषय कधी निघत नसे, त्यामुळे त्यांच्यावर बोलायची वेळच येत नसे. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून बोलणाऱ्यांची तोंडं बघत राहत.

त्या वर्षी शाळेत पाणी शिरलं. रविवार होता म्हणून मुलं वाचली. टेकडीवरून उतरलेलं पाणी नेहमीसारखं नाल्याकडे निघालं होतं, पण वाटेत शाळेची नवी कोरी भिंत आडवी आली, म्हणून ते शाळेतच मुक्कामाला राहिलं. ही भिंत संस्थेच्या अध्यक्षांनी आपल्या मेहुण्याकडून बांधून घेतली होती. ‘नाल्याच्या बाजूला पाण्याला जायला तोंड ठेवा’ असं गवंडी तेव्हाच म्हणाला होता. पण मेहुणा बोलत असताना गवंड्याचं कोण ऐकतं?

तीन दिवसांनी पाणी ओसरलं तेव्हा तळमजल्याची रया गेली होती. दारं फुगलेली, फरशी उखडलेली, बाकांवर वीतभर गाळ. ग्रंथालयात पुस्तकांचा एकच गच्च गोळा झाला होता आणि दप्तरखान्यात चाळीस वर्षांच्या हजेरीवह्या एकमेकींना मिठी मारून बसल्या होत्या.

मग मदत सुरू झाली. म्हणजे माणसं आली, गाळात उभी राहून फोटो काढून घेतले आणि पाय कुठे धुवायचे ते विचारून गेली. शिक्षण कार्यालयाकडून पत्र आलं: भिजलेली कागदपत्रं पडताळणी होईपर्यंत आहेत त्याच स्थितीत जतन करावीत. मुख्याध्यापकांनी ते दोनदा वाचलं.

“म्हणजे ओलीच ठेवायची?”

“सर, सुकली तर स्थिती बदलेल,” कारकून गंभीरपणे म्हणाला.

दोन आठवड्यांनी पडताळणीचे साहेब आले, फाटकातूनच नाकाला रुमाल लावला, सही केली आणि परतले. कचऱ्याची गाडी बोलावली गेली. तेव्हा डिंकबाई पुढे झाल्या.

“सर, तो ढीग मला द्या.”

“बाई, कचरा आहे तो.”

“म्हणून तर मागतेय. चांगलं काही असतं तर तुम्ही दिलं असतं का?”

बाईंचे यजमान बस डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. हातगाडीवरून चार खेपा करून त्यांनी तो चिखल घरामागच्या अंगणात आणला. “अगं, लोक पुरातून सोनंनाणं वाचवतात,” ते कुरकुरले, “आणि तू हे काय आणलंस?” पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रिलला वाकडी सळई बसवून लगदा घुसळायचं यंत्र तयार केलं आणि ते चालवायला दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात.

बाईंनी कागद तीन पाण्यांतून काढला, कुटला, पिळला, त्यात मैद्याची खळ आणि डिंक मिसळला, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं. उपडा वाटगा ठेवून, वर तेल लावलेलं फडकं पसरून त्या मुखवटे घडवू लागल्या. बेत साधा होता: राजा, राणी, म्हातारा, चांदोबा. शाळेसाठी विकायचे.

पहिला राजा वाळला. खालचा ओठ डावीकडे लोंबलेला, नाक वांग्यासारखं, आणि भुवया अशा की जणू आत्ताच कुणाचा तरी अर्ज फेटाळलाय.

“हा कोण?” यजमानांनी विचारलं.

“राजा.”

“या राजाला मी मागच्या महिन्यात फीत कापताना बघितलंय.”

बाईंनी निरखून पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. हुबेहूब अध्यक्ष! त्यांनी तो मोडला, पुन्हा केला. पुन्हा अध्यक्षच. म्हातारा करायला गेल्या तर कारकून झाला, चांदोबा भिंतवाला मेहुणा निघाला. एकतीस वर्षं जे डोळ्यांत साठलं होतं तेच बोटांतून उतरत होतं. तिसऱ्यांदा अध्यक्ष उगवल्यावर बाईंनी हात टेकले आणि आहे ते रंगवायला घेतलं.

इकडे अध्यक्षांनी शाळेच्या मदतीसाठी आपल्याच सभागृहात कलाप्रदर्शन भरवलं होतं. तीन नामवंत चित्रकारांनी उदार मनाने चित्रं दिली. प्रत्येकाने आपल्याकडचं सर्वांत जास्त दिवस न खपलेलं. एका भल्यामोठ्या करड्या चित्राचं नाव होतं ‘पूर’. “हे उलटं तर नाही ना टांगलं?” एका बाईंनी विचारलं. “तुम्हाला काय वाटतं?” चित्रकाराने उलट विचारलं, आणि त्या बिचाऱ्या ओशाळून चहाकडे वळल्या. डिंकबाईंचं मुखवट्यांचं टेबल मागच्या दाराशी, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ.

पहिला तासभर सगळ्यांनी सगळ्याचं कौतुक केलं. कौतुकाला पैसे पडत नाहीत, म्हणून ते भरपूर मिळतं. विकलं काहीच गेलं नाही. मग नाक्यावरची शिंपीणबाई पाणी प्यायला मागे आली आणि ग्लास हातात तसाच ठेवून खदाखदा हसली.

“अगं बाई! हे तर अध्यक्ष! नुसते बोलत नाहीत एवढंच!”

पाच मिनिटांत ‘पूर’ ओस पडला आणि सगळं गाव पिंपाशी लोटलं. प्रत्येकाला दुसऱ्याचा चेहरा ओळखू येत होता, स्वतःचा मात्र कुणालाच नाही. गलका ऐकून खुद्द अध्यक्ष आले आणि गर्दीने बाजूला होऊन वाट करून दिली.

“हे कोण आहे?” त्यांनी दरडावून विचारलं.

“राजा,” डिंकबाई म्हणाल्या. त्यांनी तो मुखवटा टेबलावर सरळ करून ठेवला.

अध्यक्षांची पंचाईत झाली. हा मी आहे म्हणावं तर ते नाक कबूल करावं लागणार. न म्हणावं तर? सगळं गाव हसतंय ते मुकाट बघत राहावं लागणार. तेवढ्यात हार्डवेअरचे शेठजी पुढे सरकले. संस्थेच्या निवडणुकीत दोनदा आपटलेले.

“मला द्या हा. गल्ल्याच्या मागे टांगतो. गिऱ्हाइकाची तेवढीच करमणूक.”

“मी दुप्पट देतो,” अध्यक्ष पटकन म्हणाले.

“तिप्पट,” शेठजी म्हणाले.

अध्यक्षांनी कपाळ पुसलं. मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “अहो, घेऊन टाका. नाहीतर खिळे आणायला गेले की तिथेही तुमचंच तोंड बघावं लागेल मला.”

राजा अध्यक्षांकडे गेला तो तीन वर्गांच्या फरशीचे पैसे देऊन. शेठजी पोट धरून हसत होते; हसता हसता त्यांची नजर टेबलाच्या टोकावरल्या एका मिचमिच्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर पडली आणि हसू जागच्या जागी विरलं. आता बोली चढवायची पाळी अध्यक्षांची होती. खाई त्याला खवखवे. मेहुण्याने स्वतः यायचं टाळलं, ड्रायव्हरला पाठवून आपला चांदोबा कागदात गुंडाळून नेला.

सगळे पांगल्यावर मुख्याध्यापक टेबलापाशी घुटमळू लागले. “बाई, माझा नाही का एखादा?”

“नाही सर.”

“का?” त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

बाईंनी आठवून पाहिलं. “सर, मीटिंगमध्ये तुम्ही कायम खाली बघत असता. चेहरा ध्यानातच राहिला नाही.”

मुख्याध्यापक स्टूल ओढून तिथेच बसले आणि हनुवटी वर केली. “आता बघा.” बाईंनी पाहिलं. गाळातले बाक स्वतः उचलून दमलेला, भिडस्त माणूस होता तो. इतकी वर्षं आपणही या माणसाकडे नीट बघितलं नाही, या विचाराने बाईंना उगीच अपराध्यासारखं वाटलं.

पुढचे सहा महिने मागण्या संपेनात. आपला चेहरा नाही म्हणून रुसणारे, शेजाऱ्याचा हवा म्हणणारे, नाक जरा लहान करा म्हणून गळ घालणारे. त्यातून दारं झाली, ग्रंथालयाची कपाटं झाली, पुस्तकंही आली. मेहुण्याने स्वतःच्या खर्चाने भिंतीला नाल्याकडे तोंड पाडून दिलं. त्याला दुसरा चांदोबा नको होता.

शाळेच्या दारात संगमरवरी पाटी लागली. तिच्यावर अध्यक्ष, तिन्ही नामवंत चित्रकार, मेहुणा, आणि शेवटी ‘इतर हितचिंतक’.

“तुझं नाव कुठाय?” यजमान भडकले.

“इतरांत आहे ना,” बाई म्हणाल्या. पण यजमान पुढे गेल्यावर त्यांनी पाटी पुन्हा एकदा वाचली, वरून खालपर्यंत, आणि मग वर्गावर गेल्या.

वर्गात त्यांनी मुलांना शेजारी बसलेल्याचा चेहरा मातीत करायला सांगितला. दहा मिनिटांत हाणामारी जुंपली, कारण कुणालाच आपलं नाक मान्य नव्हतं. आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक दारात आले. “बाई, काय चाललंय?”

“अभ्यास,” डिंकबाई म्हणाल्या, आणि दोघांना कान धरून वेगळं करायला धावल्या.