पाळणाघराचा नवा दर

माझी धाकटी बहीण पुढच्या खोलीत पाळणाघर चालवते. सहा पोरं, एक खिडकी आणि दोरीवर कायम ओली दुपटी. कौतुक सगळे करतात, दराचं नाव काढलं की तोंडं आंबट होतात.

दोष तिचाही आहे. मूल आलं त्या दिवशी जो दर ठरला, तोच ते शाळेत जाईपर्यंत. त्यामुळे काल आलेल्या तान्ह्याचे आईबाप जास्त देतात आणि तिच्या घरात रांगायला शिकलेल्या गोट्याचा बाप सगळ्यांत कमी! तो बँकेत साहेब. पोराला न्यायला उशिरा येणाराही तोच. दूध महागलं, भाडं वाढलं, साहेबांचा पगार वाढला. हिचा दर जागचा हलेना. मी म्हणाले, "अगं, पाळणाघर चालवतेस की धर्मशाळा?"

शेवटी तिने सगळ्यांना सारखा दर लावला. बाकीच्यांनी कुरकुरत का होईना, मान्य केला. साहेब दारातच अडले.

"मावशी, तुम्ही तर घरच्यासारख्या. घरच्यांत पैशाचं काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हीच बोलली. जन्मात कोणाला उलटून न बोललेली बाई!

"घरच्यासारखी? गोट्याच्या वाढदिवसाला बोलावलंत, म्हणून ठेवणीतले कपडे घालून आले. तर आतल्या खोलीत पाहुण्यांची पोरं सांभाळायला बसवलंत. बाहेर टाळ्या वाजल्या, तेव्हा मला कळलं केक कापला."

"ते... तुम्हाला मुलांची आवड, म्हणून..."

"आवड आहेच. तिचे पैसे नाही मागत. दिवसभराच्या कामाचे मागतेय."

साहेबांचे कान लाल झाले. "मग सोमवारपासून आम्ही दुसरीकडे बघतो."

गोट्याने तिच्या गळ्याला मिठी मारली होती. तिने ती हळूच सोडवली, पोराला बापाच्या हातात दिलं, त्याचे बूट दिले, दार लावलं. आणि दाराला पाठ लावून हमसून हमसून रडली. त्या पोराचं पहिलं पाऊल तिने पाहिलं होतं, आईबापाने नाही.

मघापासून तावात उभी होते मी, पण माझाच धीर सुटला. "जाऊ दे गं, बोलव त्यांना परत. राहू दे जुनाच दर."

"नाही ताई," तिने डोळे पुसले. "गोट्या उद्या मोठा होईल. मावशी स्वस्तात मिळते, असं त्यालाही वाटायला नको."