चार बोटं बाहेर

सकाळी टेनिसच्या कोर्टावर आले की काका आधी चपला काढत, वाकून चिमूटभर माती उचलत आणि दोन बोटांत चोळत. मग कुणाकडेही न पाहता सांगत, "अजून एक पाणी मागतेय." जाळीबाहेर बूट, मोजे, मनगटाला पट्टा असा सगळा सरंजाम करून सभासद उभे असत. त्यांत डॉक्टर असत, वकील असत, एक निवृत्त न्यायाधीशही होते. न्यायाधीशांनी एकदा जरा चढ्या आवाजात विचारलं, "अहो, अजून किती वेळ?" काका म्हणाले, "मातीला विचारा. मी फक्त पाणी मारतो." त्यानंतर न्यायाधीश रोज मुकाट्याने बाकावर बसून राहू लागले.

मातीच्या कोर्टावरचं टेनिस तुम्ही कधी पाहिलं असेल, तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. लक्षात मात्र राहिला नसेल, कारण खेळ सुरू होण्याआधी त्याचं काम संपलेलं असतं. हजेरीपटावर ते माळी होते. मुरूम चाळायचा, त्यात विटांची भुकटी मिसळायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा आणि मग दोरी ताणून चुन्याच्या रेघा मारायच्या. विश्रांतवाडीहून सायकलवर यायचे. मी त्यांना काका म्हणायचो आणि ते मला साहेब म्हणायचे. मी बँकेत कारकून होतो. आयुष्यात मला साहेब म्हणणारा तो एकच माणूस भेटला, आणि मला ते आवडायचं हेही सांगून टाकतो.

दरवर्षी विभागीय क्रीडा स्पर्धा भरायच्या, तेव्हा त्यातलं टेनिस आमच्या कोर्टांवर व्हायचं. कबड्डी, कुस्ती, खो-खो यांच्यापुढे टेनिस म्हणजे लग्नातला लांबचा पाहुणा. पत्रिका जाते, पण बसवायचं कुठे ते कुणालाच ठाऊक नसतं. एका वर्षी तर समितीने उद्घाटनाचा मांडव थेट कोर्टावरच ठोकला. काका सकाळी आले आणि बांबूंचे खड्डे पाहत उभे राहिले. समितीचे सचिव घाईघाईने म्हणाले, "होईल हो सगळं नीट." काका म्हणाले, "होईल ना. टेनिसवाल्यांना सांगा, यंदा गोट्या खेळा. गल तयार आहेत."

त्या स्पर्धेतल्या टेनिसचा सगळा इतिहास त्यांना पाठ होता, पण सन म्हणून एक सांगता येत नसे. मुलींची एकेरी कधी सुरू झाली असं विचारलं की म्हणत, "रोलरचा दांडा मोडला, त्या वर्षी." आणि दुहेरी? "बोअरचं पाणी खारं झालं, त्याच्या आदल्या वर्षी." कोण जिंकलं, कोणाचा पाय कुठल्या कोपऱ्यात घसरला, सगळं असं पाण्यावरून आणि मातीवरून. मी ते ऐकून हसायचो. पुढे मलाच त्याची गरज पडणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

खेळाडू म्हणून मी बेताचाच होतो, बेताच्याही जरा खालीच. म्हणून मग लाइन अंपायर झालो. रेघेच्या टोकाला खुर्ची टाकून बसायचं आणि बॉल बाहेर पडला की ओरडायचं. हे काम मला काकांनी शिकवलं. मातीवर बॉल पडला की खूण उमटते. वाद झाला तर खुर्चीवरचे मुख्य अंपायर खाली उतरतात आणि लाइन अंपायरने खूण दाखवायची असते. काका मला कोर्टावर उकिडवं बसवून सांगत, "साहेब, ताज्या खुणेची कड ओलसर असते. जुनीची भुरकी पडते. घाई करायची नाही. आधी कड बघायची, मगच बोट दाखवायचं." वीसेक वेळा तरी त्यांनी माझ्याकडून हे घोटून घेतलं असेल.

त्यांची मुलगी त्याच कोर्टांवर मोठी झाली. शाळा सुटली की यायची आणि कोर्ट रिकामं मिळेपर्यंत मागच्या भिंतीवर बॉल मारत बसायची. कॉलेजात जाईपर्यंत आमच्या क्लबातले निम्मे पुरुष तिच्याशी खेळायचं टाळू लागले. हरण्याचं दुःख नव्हतं म्हणे, वेळ जमत नव्हती. तिचा बॅकहँड सरळ रेघेवर जायचा, अगदी चुना उडवत. काका तिचं कौतुक कधी करत नसत. फार तर एवढंच म्हणत, "पोरीचा बॉल रेघ शोधत जातो."

त्या वर्षी ती विभागीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचली. राज्याच्या संघात आमच्या विभागातून एकच मुलगी जाणार होती, जिंकेल ती. समितीने मला पहिल्यांदाच अंतिम सामन्याला बसवलं होतं. छातीवर बिल्ला, डोक्यावर नवी टोपी, आणि प्रेक्षकांत माझी बायको व मेहुणा. ही माहिती महत्त्वाची आहे, म्हणून सांगतोय.

तिसरा सेट. समोरच्या मुलीचा मॅच पॉइंट. मोठी रॅली चालली आणि शेवटी काकांच्या मुलीने तो बॅकहँड मारला, थेट माझ्या कोपऱ्यात. मी ओरडलो, "आउट!"

ती धावत आली. "सर, खूण बघा ना." अंपायर खुर्चीवरून उतरले. मी उठलो, ठामपणे चार पावलं चाललो आणि रेघेबाहेरच्या एका खुणेवर बोट ठेवलं. "चार बोटं बाहेर," मी म्हणालो. अंपायरांनी माझ्याकडे पाहिलं, खुणेकडे पाहिलं आणि मान डोलावली. सामना संपला.

टाळ्या वाजल्या. मुली हात मिळवायला नेटपाशी गेल्या. मी माझी खुर्ची उचलायला मागे वळलो तेव्हा मला दुसरी खूण दिसली. पहिल्या खुणेपासून वीतभर बाजूला, रेघेला टेकलेली. कड ओलसर होती आणि त्यात चुन्याचे दोन-तीन कण चिकटले होते. मी दाखवलेली खूण भुरकी होती, त्याआधीच्या कुठल्यातरी रॅलीतली.

अंपायर अजून त्यांच्या खुर्चीपाशीच होते. निकालाचा कागद त्यांच्या हातात होता आणि त्यावर सही व्हायची होती. माझ्यापासून दहा पावलं. मी तोंड उघडलं असतं तर तो पॉइंट तिला मिळाला असता. मी उघडलं नाही. लाज वाटली. एवढ्या लोकांसमोर, बायकोसमोर, बिल्ला लावून, "माझं चुकलं" म्हणायची लाज वाटली. बाकीची कारणं मी नंतर तयार केली.

तेवढ्यात काका कोर्ट झाडायला आले. ओलं गोणपाट लाकडी दांडीला बांधून ते ओढायचे, सगळ्या खुणा पुसल्या जायच्या. नेहमी ते कोपऱ्यापासून सुरुवात करत. त्या दिवशी सगळं कोर्ट झाडलं आणि माझा कोपरा शेवटी ठेवला. तिथे येऊन थांबले. दोन्ही खुणांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मुलीसाठी ते एक शब्द बोलू शकत नव्हते. माळ्याने निकालात बोलायचं नसतं, आणि स्वतःच्या पोरीच्या निकालात तर नाहीच. बोलायचं होतं ते मी. त्यांनी वाट पाहिली. माझा अंदाज आहे, श्वास दोन-चार वेळा आत-बाहेर होईल एवढा वेळ. मग त्यांनी गोणपाट ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे आले, नेहमीसारखं "या साहेब" म्हणाले. मी पुढची कित्येक वर्षं मनाशी एकच वाक्य घोकत राहिलो, की बॉल आत धरला असता तरी फक्त ड्यूस, म्हणजे बरोबरी झाली असती, ती जिंकलीच असती असं नाही. खरंच आहे ते. पण एखादं वाक्य खरं असूनही त्याने झोप लागत नाही.

त्यानंतर एक नवीन गोष्ट सुरू झाली. कोर्टावर कुणी नवा लाइन अंपायर आला, की काका चारचौघांत म्हणत, "शिकायचं तर साहेबांकडून शिका. साहेबांची नजर पक्की आहे." आपण पुण्यातली माणसं, टोमण्यांवरच वाढलेली. मला त्यात दुसरा काही अर्थ असेल असं वाटलंच नाही. मी हसून मान खाली घालायचो आणि मनात म्हणायचो, मारा, माझी लायकीच आहे.

पुढे माती उकरली गेली आणि तिथे निळी-हिरवी सिंथेटिक कोर्टं आली. काकांनी नव्या पृष्ठभागावरून एकदा तळपाय फिरवला आणि म्हणाले, "ही काही मागतच नाही हो." त्या वर्षीच ते निवृत्त झाले.

दोन वर्षांपूर्वी समितीने स्पर्धेची स्मरणिका काढायचं ठरवलं. टेनिसचा इतिहास लिहायला माझ्याकडे आला, दोन पानं, फोटोसकट. जुने कागद बघतो तर निम्मे वाळवीने खाल्लेले. मग वही घेऊन विश्रांतवाडीला काकांकडे गेलो. दम्याने थकले होते, पण आठवण ठणठणीत होती. रोलरचा दांडा, खारं पाणी, मांडवाचे खड्डे, एकेक वर्ष ते सांगत गेले आणि मी सन लावत गेलो. त्या वर्षापाशी आलो तेव्हा माझं पेन थांबलं. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "त्या वर्षी माती फार चांगली झाली होती." आणि पुढच्या वर्षावर गेले.

खोलीत आम्ही दोघंच होतो. काकू आत चहा करत होत्या. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. मी वही मिटली आणि म्हणालो, "पुढच्या वेळी निवांत येतो, काका." ते म्हणाले, "या ना साहेब. घर तुमचंच आहे."

ती पुढची वेळ आलीच नाही. तीन महिन्यांनी काका गेले; व्हॉट्सअॅपवर त्यांचा फोटो आला, खाली पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वेळ आणि विहाराचा पत्ता. मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि घरी बसून राहिलो. इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

स्मरणिका छापायला जाण्याआधी मात्र मला राहवेना. विजेत्यांच्या यादीत तो एक निकाल माझ्या हाताने पुन्हा लिहायचा होता, आणि हात चालेना. काकांची मुलगी आता वाघोलीच्या एका शाळेत टेनिस शिकवते. मी बस पकडून गेलो.

ती मुलींना बॉल टाकून देत होती. एका मुलीचा बॉल रेघेवर पडला, सुरेख पडला, आणि ही ओरडली, "आत ठेव! हातभर आत! रेघेवर जायचं नाही, किती वेळा सांगायचं?" मग तिने मला ओळखलं, हसत आली, वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "तू स्वतः तर रेघेवरच खेळायचीस?"

"खेळायचे ना, आणि फायनल घालवली," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी जाऊन खूप रडले होते, सर. पप्पांना म्हटलं, बॉल आत होता, मला दिसला. पप्पा म्हणाले, 'नाही बाळा, बाहेरच होता. मी झाडताना स्वतः खूण बघितली. साहेबांची नजर पक्की आहे.' पप्पांनी खूण बघितली म्हटल्यावर विषयच संपला. चूक माझीच होती. मग सोडलं मी रेघेवर मारणं."

नजरेचं ते वाक्य काका मला टोचायला म्हणत नव्हते. ते म्हणत तेव्हा ही आसपास असायची, हे मला तिथे, तेव्हा आठवलं. आपल्यावर अन्याय झाला असं मनात घेऊन पोरीने त्या कोर्टांवर रोज यावं, हे त्यांना नको होतं. म्हणून मातीबद्दल कधी खोटं न बोललेला तो माणूस तिच्याशी एकदा खोटं बोलला आणि माझं नाव वापरून ते टिकवत राहिला.

"बॉल आत होता," मी म्हणालो. "मी जुनी खूण दाखवली. सही व्हायच्या आत मला कळलं होतं. मी गप्प बसलो."

तिच्या हातातला बॉल हातातच राहिला. गप्प का बसलात, हे तिने विचारलं नाही. संघातल्या जागेबद्दलही नाही. तिने एवढंच विचारलं, "मग पप्पांनी कुठली खूण बघितली, सर?"

मी म्हणालो, "जुनीच. ताजी मी पायाने पुसली होती, ते यायच्या आधी."

तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "पप्पा शेवटपर्यंत तुमचं नाव आदराने घ्यायचे," ती म्हणाली. "तुम्ही जा, सर. परत येऊ नका."

मी निघालो. फाटकापर्यंत पोचलो तरी मागून बॉलचा एकही आवाज आला नव्हता.