बातमीखालचं 'व्हय म्हाराजा'

आमच्या सरकारी रेडिओ केंद्रावर रोज सकाळी मी दर्याची बातमी वाचते. वारा कुठला, लाट केवढी, होडी न्यायची की नाही, सगळं मालवणीत. केंद्राचा आवाज घाट चढत नाही, आणि माझे बाबा मात्र आई गेल्यावर घाट चढून पुण्याला भावाकडे राहायला गेले. जाताना होडी शेजारच्या मासेमाराला विकली. तिसऱ्या मजल्यावर बसून ते मला फोनवर विचारायचे, आज वारो खंयचो? फ्लॅटच्या खिडकीत त्या वाऱ्याचं काय करणार होते, देव जाणे.

मग केंद्राने स्वतःचा सर्व्हर घेतला. कुठल्या बड्या कंपनीच्या मेहेरबानीवर न राहता खुल्या समाजमाध्यमावर आपलं बिऱ्हाड आपणच मांडायचं, असं वरून ठरलं. मला ते चटकन कळलं. आमच्याकडे प्रत्येक गावाचं देऊळ वेगळं, तरी एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या जत्रेला बिनबोलावता जातो. तसंच हे. पुण्याला जाऊन मी बाबांचं खातं उघडून दिलं. खातं दुसऱ्याच सर्व्हरवर, पण केंद्राच्या खात्यावर रोज टाकलेली माझी बातमी त्यांच्या फोनवर पोचू लागली.

आता बाबांनी काय करावं? देवळात गाऱ्हाणं, म्हणजे गावाचं देवाकडे मागणं, घालताना प्रत्येक वाक्यामागे जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. बाबांनी तोच न्याय बातमीला लावला. मी जितकी वाक्यं वाचीन, तितके 'व्हय म्हाराजा' खाली हजर. आधी मला लाज वाटली, मग सवय झाली, मग स्टुडिओतून बाहेर पडल्या पडल्या मी तेवढंच बघू लागले.

एका सकाळी खाली काहीच नव्हतं. फोन केला तर बाबा अगदी हळू म्हणाले, "माका वाळीत टाकल्यानी काय गो? माजा काय चुकला?"

हा माणूस असा कधी बोलला नव्हता. मी तरातरा साहेबांकडे गेले. साहेब विदर्भातले, नुकतेच आलेले. एकच मजकूर पुन्हा पुन्हा टाकतंय म्हणजे हे यंत्र असणार, असं समजून त्यांनीच ते खातं बंद केलं होतं. ते यंत्र माझे वडील आहेत, असं मी सांगितलं आणि गाऱ्हाणंही समजावलं. साहेब ओशाळले, हसले, लगेच बंदी उठवली. मग म्हणाले, "पण गावातले बाकीचे का नाही म्हणत?" बाकीचे फोनवर मुकाट ऐकतात, असं मी सांगितलं. गाऱ्हाण्याला एकट्याचा होकार शोभत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वारा वाढणार होता. होड्या वर काढा, असं मी दोनदा वाचलं. बाहेर येऊन बघते तर बाबांचे 'व्हय म्हाराजा' पुन्हा ओळीने उभे. कसलं बरं वाटलं म्हणून सांगू! त्यांच्या शेवटी एक प्रश्नही होता: होडी वर काढलंस काय रे?

कुणाला विचारत होते? होडी तर त्यांची राहिलीच नव्हती. मी चहा घेऊन परत आले तोवर खाली उत्तर आलं होतं, शेजारच्या त्या मासेमाराचं.

"व्हय म्हाराजा. तुमची होडी वर काढलंय, काका."